गाणं लागलं की गाडी लागत न्हाई

...अन् पुन्हा भाईर आली. कॅसेट हो, कॅसेट. आत ढकलली की तो टेप जरा वेळ किर्र किर्र करणार, आपल्याला वाटणार बसली एकदाची, अन् मंग खाटकन् भाईर. पुन्हा ढकला. पुन्हा भाईर. तुमाला सांगतो, ज्या माणसानं गुरांच्या दवाखान्यात आख्खी नोकरी काढली, भल्याभल्या आडदांड वळूच्या नरड्यात नळीनं औषिद उतरवलं, त्या किशनरावांच्या हातून एक कॅसेट त्या गाडीच्या नरड्याखाली उतरंना. अंगठ्यानं दाबून धरली, तर अंगठा काढला की भाईर. मंग वरून हात फिरवला, चुचकारलं, "बस बाई, बस" म्हणले. व्हय, गाडीला म्हणले, मी माझ्या वट्ट्यावरून ऐकलं की... खाटकन्. अन् शेजारच्या शिटावर पद्माबाई, त्यांची बायको, तोंडाला पदर लावून बसलेली. ती एवढंच म्हणली, "अवो, माझ्या आधी ही गाडीच ओकून राहिली."

आता तुमी म्हणसाल, कोण किशनराव अन् कसली कॅसेट. सांगतो, जरा दम धरा. किशनराव आमचे शेजारी, हिंगोलीत आमची भिंतीला भिंत. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसाला काय काय सुचते... कोणी बोकड पाळते, कोणी सकाळी मैदानावर जाऊन हात वर करून खोटं खोटं हसते, किशनरावांनी चारचाकी घेतली. जुनी. किती जुनी म्हणसाल तर तिच्यात कॅसेटचा टेप होता, आता तुमीच हिशोब करा. पोराटोरायला कॅसेट म्हणजे काय ते सांगावं लागते आजकाल.

बरं, घेतली काहून? तर पद्माबाईसाठी घेतली. अन् हितंच सगळा घोटाळा हाय, कारण पद्माबाईला गाडी लागते.

लागते म्हणजे अशी तशी न्हाई. कोणाला घाटात लागते, कोणाला मागच्या शिटावर लागते, पद्माबाईला उभ्या गाडीत लागते. स्टँडवर एसटी नुसती घुर्र करून राहिली तरी हिचा चेहरा दुधी भोपळ्यावानी. लिंबू नाकाला लावून झालं, आल्याचा तुकडा दाढंत धरून झाला, पोटावर पेपर बांधून झाला. कोणी सांगितलं ड्रायव्हरच्या पाठीमागं बसा, बसली, बिचाऱ्या ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. गोळी घ्यावी तर गोळीनं झोप येते, मंग पोचल्यावर ती डोळेच उघडत न्हाई.

अन् जायचं कुठं, तर बहिणीकडं. धाकटी बहीण शकुंतलाबाई आखाडा बाळापूरला दिलेली. हिंगोलीतून निघा, कळमनुरी टाका, की आलं बाळापूर. काही समुद्र वलांडून जायचं न्हाई. पण दरवेळी तीच तऱ्हा, पद्माबाई गाडीतून उतरणार ती दोघींच्या खांद्यावर हात टाकून, अन् शकुंतलाबाईनं वसरीत खाट टाकूनच ठेवलेली, उशीपाशी लिंबू-पाणी. शकुंतलाबाईच्या थोरल्या दोन्ही पोरायची लग्नं झाली, दोन्ही लग्नात मावशी खाटंवर. मी अल्बम पाह्यला ना... पद्माबाईचा एकबी फोटो न्हाई. एका फोटोत मागं खाटीच्या टोकाला दोन पाय दिसतेत, पैंजणावरून वळखायचं.

आता यात वाईट वाटून घ्यायसारखं काय, तर सांगतो. पद्माबाईचा गळा. आमच्या गल्लीत पद्माबाई आल्याबिगर हळद लागत न्हाई. बाया ताट घेऊन बसून ऱ्हातेत, "पद्माबाई येऊ द्या मंग सुरू करू." तिनं आवाज लावला की पलीकडच्या गल्लीतल्या बाया आपल्या हातातलं काम टाकून येतेत. कोणा कोणाच्या लेकीबाळीची हळद गायली तिनं, गणती न्हाई. अन् सख्ख्या बहिणीच्या दारात, इतक्या वर्सात, एक ओळ न्हाई. खाटंवर पडून, डोळे मिटून, दुसऱ्या बायांचं बेसूर ऐकायचं.

तर आता शकुंतलाबाईची शेवटची पोरगी, दिपा, तिचं लग्न निघालं. घरातलं शेवटचं कार्य. शकुंतलाबाईचा फोन आला, "ताई, येशील तर डोळे उघडे ठेवून ये बाई. न्हाईतर नको येऊ. तुलाबी तकलीफ, अन् मला नवरीकडं पाहावं का तुझ्याकडं पाहावं कळत न्हाई." हसत म्हणली ती. पद्माबाईबी हसली. पण फोन ठेवल्यावर मेथी निवडत बसली ती पाला फेकून राहिली अन् देठं टोपल्यात टाकून राहिली. किशनरावांनी पाह्यलं. बायकोपुढं ते कवाच तोंड उघडत न्हाईत, ते पुढं कळंलच तुमाला.

आता गाण्याचं ऐका. यांची पोरगी आकांक्षा, नांदेडला दवाखान्यात सिस्टर हाय. ती सुट्टीवर आली होती. तिच्यापाशी ते बारकं गाण्याचं यंत्र, काडेपेटीएवढं, लोक त्याला एमपीथ्री म्हणतेत. बाजारातून आटोनं येताना मायचा चेहरा उतरायला लागला तसं पोरीनं वायरीचं एक बोंड मायच्या कानात घातलं. गाणं सुरू. अन् घर येस्तोवर पद्माबाईला काहीच झालं न्हाई. उतरून उलट आटोवाल्यालाच म्हणली, "सावकाश जा बाबा." आकांक्षानं तिथंच जाहीर करून टाकलं, "आई, सापडलं. गाणं लागलं की तुला गाडी लागत न्हाई."

झालं. पोरीनं ते यंत्र मायच्या आवडीच्या गाण्यायनं भरलं, मायच्या हातावर ठेवलं अन् गेली नांदेडला. तिचं काय जाते. मागं राहिले किशनराव अन् तो सिद्धांत. ज्याला त्याला सांगायचे. दूधवाल्याला सांगायचे, मला तर रोज सांगायचे, "गाणं लागलं की गाडी लागत न्हाई." जसं काही हे औषिद त्यांनीच शोधलं.

पण पुन्हा लफडं. ते बोंड पद्माबाई दोन मिंटाच्या वर कानात ठेवंना. म्हणे, कानात किडा गेल्यावानी होते. अन् कानात गाणं असलं की ही मोठ्यानं बोलणार. किशनरावांना इतक्या जोरात म्हणली, "तुमच्या धोतराला भोक पडलं," की मी माझ्या घरात माझं धोतर तपासलं. मंग किशनरावांनी डोकं चालवलं. कानात कशाला, गाडीच गाण्यानं भरून टाकू. म्हणून ती गाडी. अन् गाडीत तो टेप. अन् टेपात जाईल असं कॅसेटीच्या आकाराचं एक सोंग मिळते, त्याला शेपटीवानी वायर असते, ती वायर त्या बारक्या यंत्राला लावायची, की यंत्रातलं गाणं कॅसेटीतून, कॅसेटीतलं टेपातून, टेपातलं गाडीच्या भोंग्यातून. ऐकायला किती सोपं हाय का न्हाई? अन् ते सोंग ती गाडी ओकून राहिली.

मंग गेले जुबेरकडं. जुबेरचं दुकान स्टँडच्या मागं, गाड्यांचे टेप बसवते. किशनरावांच्या जिगरी दोस्ताचा पोरगा. दोस्त म्हणजे अल्लाबक्ष, बकऱ्यांचा व्यापार करायचे, दर बाजाराला दोघं सोबत, आता तेबी घरीच. जुबेरनं टेपाच्या तोंडात बॅटरी मारली, आत पाह्यलं अन् म्हणला, "चाचा, ये बुड्ढा हो गया. नवा लगा देतूं, मोबाइलसे चलता."

किशनरावांना ते पटंना. "दुखणाईत जनावर कोणी टाकून देते का रे? विलाज कर."

"चाचा, ये जनावर नै, मशीन है."

"तू विलाज कर."

जुबेरनं कपाळाला हात लावला अन् दुसरं एक बोंडूक काढलं. ते सिगरेट पेटवायच्या भोकात खुपसायचं. एका अंगाला ते बारकं यंत्र जोडायचं, अन् त्या बोंडकावर जो आकडा दिसते तोच आकडा गाडीच्या रेडिओवर लावायचा. म्हणजे काय, तर आपल्याच गाडीत आपलंच रेडिओ केंद्र. आकाशवाणी पद्माबाई. दुकानासमोर लावून पाह्यलं, अन् तुमाला सांगतो, काय वाजलं... खणखणीत. पानटपरीवाला मान डोलवायला लागला. किशनरावांनी बॉनेटवर थाप मारली, अशी, जशी इंजेक्शन झाल्यावर बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतेत. अन् जुबेरला म्हणले, "पाह्यलं? आता गाणं लागते. अन् गाणं लागलं की..."

"गाडी नै लागती. मालूम है चाचा," जुबेर म्हणला. त्यालाबी पाठ झालं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी निघाले. पुढं किशनराव अन् पद्माबाई, मागं अल्लाबक्ष, लग्नाचं आवतन त्यांनाबी होतं. पद्माबाईनं नवं लुगडं नेसलं, मांडीवर लिंबू, आल्याचा डबा अन् पिशव्याचा गठ्ठा. मी दारात उभा होतो. मला म्हणली, "भाऊजी, येते. आज गाऊन येते." असं म्हणली अन् गाडीत बसायच्या आधीच एक लांब श्वास घेतला, नदीत उडी मारताना घेतेत तसा.

पुढचं सगळं मला अल्लाबक्षनं सांगितलं, अन् अल्लाबक्ष खोटं बोलत न्हाईत, बकऱ्यांचे दात, म्हणजे वय, तेवढं सोडून कशातच बोलले न्हाईत.

गाव सुटेस्तोवर गाणं झकास लागलं. मंग पहिला खड्डा आला अन् गाणारा गायब. म्हणजे ढोलकी वाजून राहिली, पेटी वाजून राहिली, टाळ्या ऐकू येऊन राहिल्या अन् गाणारा मुका. पद्माबाई म्हणली, "अवो, गाणारा कुठं उतरला?" ती वायरीची पिन जराशी ढिली झाली की असं होते म्हणे. अल्लाबक्षनं मागून हात घातला, पिन दाबली, गाणारा आला. हात काढला, गाणारा गेला. मंग काय, अल्लाबक्ष दोन शिटांच्या मधून वाकून, पिन चिमटीत धरून बसले. त्यांच्या हिशोबानं गाणारा त्यांच्याच बोटात होता. म्हणे, "मला शिंक आली तरी बोट सोडलं न्हाई, भाबीच्या जिवाचा सवाल होता."

अन् खरंच, पद्माबाई बराबर होती. खिडकीतून भाईर पाहून राहिली होती, हळू हळू ओठ हलवून राहिली होती. किशनराव एका डोळ्यानं रस्ता अन् एका डोळ्यानं बायको पाहून राहिले होते. मागं अल्लाबक्षला म्हणले, "मी म्हणलं होतं का न्हाई? गाणं लागलं की..."

अन् खर्रर्र.

तुमाला सांगतो, माणसानं कवाच पूर्ण वाक्य बोलायला जाऊ नये. कळमनुरी अजून यायची होती अन् त्याच आकड्यावर कुठलं तरी दुसरं रेडिओ केंद्र घुसलं. आधी गाण्याच्या मागं कोणीतरी बडबडून राहिलं असं वाटलं, मंग गाणं मागं अन् बडबड पुढं, मंग गाणं गेलंच. अन् एक माणूस अगदी शांत, गोड आवाजात सांगून राहिला... "तर शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यात कोवळा चारा जास्त खाल्ल्यानं जनावराचं पोट फुगतं. जनावर अस्वस्थ होतं. डावी कूस फुगलेली दिसते..."

इकडं पद्माबाईचा चेहरा उतरायला लागला. लिंबू नाकापाशी गेलं. ती हळूच म्हणली, "अवो, गाणं लावा."

अल्लाबक्ष म्हणले, "किशन, आकडा बदल."

अन् किशनराव काय म्हणले? तुमीच सांगा, काय म्हणावं अशा टायमाला? हात आकड्याकडं नेला, तिथंच थांबवला, अन् म्हणले, "जरा थांब. पोटफुगीचं चाललं."

आता त्यांचंबी काय चुकलं म्हणा. सगळी जिंदगी पोटफुगीतच गेली होती. कान आपोआप टवकारले. रेडिओवाला म्हणला, जनावराला उतारावर उभं करावं, अन् किशनरावांनी मान डोलवली, "बराबर." रेडिओवाला म्हणला, तोंडात आडवी काडी धरावी, म्हणजे जनावर चघळते अन् गॅस निघते. "बराबर, एकदम बराबर." शेजारी पद्माबाई एका हातानं पिशवी उलगडून राहिली होती. डोळे भरलेले. अल्लाबक्ष मला म्हणले, "मैं तो खिडकीकू चिपक गया."

अन् पद्माबाईनं पिशवी खाली ठेवली.

"थांब?" ती म्हणली. आवाज अगदी बारीक. "मला म्हणता थांब?"

किशनराव म्हणले, "अगं, एकच मिनिट..."

"बैलाच्या पोटाची काळजी हाय तुमाला. बायकोच्या पोटाची न्हाई."

अन् तिथून जे सुरू झालं... तुमाला सांगतो, अल्लाबक्ष म्हणले, आधी ती रेडिओवर बोलली, मंग गुरांच्या दवाखान्यावर बोलली, मंग एकदम पार लग्नावर गेली. लग्न लागलं अन् वरात टेम्पोत निघाली, हिला टेम्पो लागला, अन् नवरदेव कुठं, तर वाटंत कोणाची म्हैस अडली होती म्हणून उतरून गेलेला. नवरी टेम्पोत ओकून राहिली अन् नवरदेव म्हशीपाशी बाह्या वर सारून. "रेडकू झालं म्हणून पेढे वाटले तुमी. आकांक्षा झाली तवा कुठं होता? पुसेगावला. लसीकरणाला." मंग सासू. मंग दिवाळीला आणलेलं ते मातकट रंगाचं लुगडं, "शेणाचा रंग हाय हा, तुमाला दुसरा रंग दिसतच न्हाई." मंग सिद्धेश्वरचं धरण. इतक्या वर्सात एकदा धरण पाहायला नेतो म्हणले अन् एकदाबी नेलं न्हाई, "सगळी हिंगोली पाहून आली, बकऱ्याबी पाहून आल्या." हितं अल्लाबक्षनं मान खाली घातली, कारण बकऱ्या त्यांच्या होत्या.

किशनराव काही बोलले का? न्हाई. फकत "व्हय" म्हणायचे. "व्हय, चुकलं." "व्हय, ते बी चुकलं." दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोर. अन् गाणं? गाणं लागतच नव्हतं. अल्लाबक्षनं मागून हात घालून हळूच सगळंच बंद केलं. भाबीच्या बोलण्याचा ताल बिघडू नये म्हणून, असं ते म्हणले. त्यांनाबी आदब हाय.

कळमनुरी आली, पद्माबाईनं पाह्यलं न्हाई. कळमनुरी गेली, पाह्यलं न्हाई. खड्डे आले, ट्रक आले, एक बैलगाडी आडवी आली तर तिनं खिडकीतून गाडीवानालाच सुनावलं अन् पुन्हा आपल्या जागेवर येऊन पुढं सुरू. मंग अल्लाबक्ष हळूच म्हणले, "भाबी... बाळापूर आ गया."

पद्माबाई थांबली. भाईर पाह्यलं. मांडव दिसला. मांडवाच्या कडंला वसरीत खाट टाकलेली, उशी, लिंबू-पाणी. शकुंतलाबाई दोन बाया घेऊन गाडीकडं पळून राहिली होती, धरून उतरवायला. अन् पद्माबाईनं दार उघडलं, आपल्या पायानं उतरली, निऱ्या झटकल्या, मागं वळून किशनरावांना म्हणली, "अन् त्या लुगड्याचं राहिलंय अजून, परतताना सांगते." अन् चालत गेली मांडवात.

शकुंतलाबाई तिथंच उभी. हातातला गिलास तसाच. अन् ताईच्या मागोमाग मांडवात पळाली. मंग शकुंतलाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, अन् म्हणली, "ताई, माझ्या दारात तुझे डोळे असे असतेत व्हय गं?"

बास, एवढंच म्हणली. खाट उचलायला सांगितली. त्या खाटंवर मंग नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्या बाबाची सोय झाली.

संध्याकाळी हळद लागली. पद्माबाई मधात बसली. अल्लाबक्ष म्हणले, तिनं आवाज लावला अन् मांडवात भांडी घासणाऱ्या बायांचे हात थांबले. तिनं गाण्यात बहिणीचं नाव घेतलं, बहिणीच्या लेकीचं घेतलं, आईचं घेतलं, जी कवाच गेली. दिपा पाटावर बसून रडून राहिली अन् हळद गालावरून वघळून राहिली, कोणी पुसंना, पुसायला उठलं तर गाणं मोडंल म्हणून. किशनराव मांडवाच्या भाईर, गाडीला टेकून ऐकत उभे. कोणीतरी विचारलं, आत काहून येत न्हाई दाजी? तर म्हणले, "हितून बराबर ऐकू येते."

दुसऱ्या दिवशी मंगल परिणय झाला, वंदना झाली, जेवणं झाली, अन् परत निघाले. आता ऐका. किशनरावांनी काय केलं, बाळापूरच्याच एका दुकानदाराकडून ती पिन ताणून, भोकात कागदाची घडी घालून सगळं पक्कं करून आणलं. आकडाबी असा शोधला की दुसरं केंद्र घुसायचं नाव न्हाई. गाणारा हाय, पेटी हाय, ढोलकी हाय, सगळं खणखणीत. अल्लाबक्षची बोटं मोकळी. किशनराव लई खुशीत, "आता गाणं लागलं, आता..."

अन् बाळापूरची शेवटची घरं सुटली न्हाई तर पद्माबाईनं पिशवी काढली.

किशनरावांनी आवाज वाढवला. चेहरा आणखी उतरला. गाणं बदललं. लिंबू आलं. म्हणजे गाणं बराबर लागून राहिलं होतं अन् गाडीबी बराबर लागून राहिली होती. सिद्धांत गेला खड्ड्यात. किशनराव घाबरले. मागं पाह्यलं. अल्लाबक्षनं नुसत्या भुवया वर केल्या. अन् तुमाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा किशनरावांनी बायकोपुढं आपण होऊन तोंड उघडलं. रेडिओ बंद केला, घसा साफ केला अन् म्हणले, "शकुंतलाबाईचं वरण जरा पातळच होतं, न्हाई का?"

पद्माबाईनं मान वळवली.

"काय म्हणले?"

"न्हाई, म्हणजे... पाणी जरा..."

पिशवी खाली गेली. हिंगोली येस्तोवर किशनरावांना दुसरा शब्द बोलावा लागला न्हाई. घरापुढं गाडी थांबली तवा मी दारातच होतो. पद्माबाई टवटवीत, गालावर लाली, तणतणत घरात गेली. अन् किशनराव स्टेरिंगवर हात ठेवून बसलेले, थकलेले, पण चेहऱ्यावर असं काहीतरी... गाभण गाय सुखरूप मोकळी झाल्यावर तिच्या मालकाच्या तोंडावर असते ना, तसं.

तवापासून यांचं फिरणं सुरू झालं. सिद्धेश्वरचं धरण पाहून आले. पुसेगावला कोण्या सोयऱ्याकडं जाऊन आले. दोनदा नांदेड, लेकीकडं. आकांक्षा फोनवर मला विचारते, "काका, आईला आता गाडी लागत न्हाई का?" म्हणलं, "न्हाई बाई." म्हणते, "मी म्हणलं होतं ना, गाणं लागलं की..." मी म्हणलं, "व्हय बाई, व्हय." आता पोरीला काय सांगावं.

पण किशनरावांची तकलीफ वेगळीच झाली. चुका कुठून आणाव्या? जुन्या सगळ्या वापरून झाल्या. म्हैस झाली, लुगडं झालं, पुसेगाव झालं, वरण तर तीनदा झालं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या वट्ट्यावर येऊन बसतेत अन् विचारतेत, "काही सुचते का?" मी एकदा म्हणलं, "तिच्या माहेरावर बोला." तर कानाला हात लावला. म्हणले, "तेवढं लांबचं अंतर न्हाई उद्या, उद्या औंढ्यालाच जायचंय."

अन् तुमाला वाटत असंल की पद्माबाईला यातलं काही कळत न्हाई. तर परवाचं ऐका. दोघं निघाले होते. किशनरावांना त्या दिवशी काहीच सुचलं न्हाई, गप बसून गाडी चालवून राहिले. जरा वेळानं पद्माबाई खिडकीकडं पाहतच म्हणली, "अवो, काहून गप हाव? मळमळून राहिलं मला. काहीतरी चुकीचं बोला की."

हे किशनरावांनीच मला सांगितलं. सांगताना हसून राहिले होते. मी म्हणलं, "किशनराव, तुमी एवढं ऐकून घेता, तुमाला तकलीफ न्हाई होत?" तर धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं अन् म्हणले, "काय करता. तिनं ओकू नये म्हणून कोणीतरी बोलणी खायला पाहिजे का न्हाई? अन् रोजचीच झाली आता... पचतेत."